नाचरी घोडी

चांद्याच्या परकोटातून पूर्वी घोडेस्वार लढाईला निघत, म्हणतात. निघत असतील बापा! आमच्या गडचांदूरकडं घोडीवर फक्त नवरदेव बसते.

आमच्या घरी पांढरी घोडी होती. बाबा तिले वरातीत नेत. खाटेवर चढून नाचायचं तिले मी शिकवलं. बाबानं जनावरावर कधी हात उचलला नाई. त्यायले वाटे, पोरगी गूळ दाखवून शिकवते. कशाचा गूळ! बाबा वावरात गेले की मी डफडं वाजवायची अन् तिच्या पायावर काठी हाणायची. पाय उचलला की काठी थांबायची. महिनाभरात घोडी तयार झाली अन् गावभर माझी वाहवा झाली. मले भारी फुशारकी होती तेव्हा.

आमच्याच गावात भरदुपारी एक वरात आली. नवरदेव उतरून मांडवात गेला. मागं राहिलेल्या एका तर्र वऱ्हाड्यानं घोडीच्या पोटाखाली फटाक्याची लड फेकली. ती उधळली अन् तिची लाथ त्याच्याच जबड्यावर बसली. दात रस्त्यावर पडले. मग काय! मांडवाच्या बल्ल्या उपसून दहा-बारा जण तिच्यावर तुटून पडले. बाबा मधात गेले, तर त्यायचंही डोकं फोडलं.

मी लगाम सोडवला अन् ओरडली, "पळ वं माय, पळ!" समोर सारा रस्ता मोकळा होता.

ती पळाली नाई. नाचू लागली.

डीजे वाजत होता, बल्ल्या पडत होत्या, अन् ती एकेक पाय उचलत होती, मार थांबावा म्हणून. एक पाय मोडून लोंबला, तरी उरलेल्या तिनावर नाचली. मारणारे हसले, "पाह्य बे, मार खाऊन नाचून राह्यली!" मुडदा बसवला त्यायचा!

मी डीजेच्या गाडीवर चढून वायर उपटली. आवाज थांबला तशी ती मटकन खाली बसली. हात दुखले तसे लोकही पांगले.

बाबा रक्तानं भिजलेला दुपट्टा डोक्याले दाबत तिच्याजवळ आले. "रस्ता मोकळा असून काऊन नाई पळाली वं ही?"

"भेदरली असन," मी म्हटलं.

तिचा जीव जायले संध्याकाळ लागली. तिच्या मानेवरून हात फिरवत बाबा मलेच समजावत होते, "रडू नको पोरी. तू तिले किती मायेनं शिकवलं होतं."