विमलची पावडर आणि गळकी जीप

चहा घ्या, पण घोट जपून घ्या. मधेच हसू आलं की शर्टावर सांडेल. खरं तर स्वतःची फजिती कुणी आपल्या तोंडानं सांगत नाही. पण आमच्या पाथरीत ती सगळ्यांना ठाऊक झालीच आहे, मग तुम्हीच काय माझं घोडं मारलंय?

तर माझी जीप. उभी हयात मी तिच्यावर पाथरी ते परभणी पाशिंजर वाहिले. एका खेपेला किती कोंबायचो, ते विचारू नका! आता धंदा बंद. गाडी दारातल्या कडुलिंबाखाली उभी. विमल, म्हणजे आमची मंडळी, मागच्या वर्षी गेली. मुलगा पुण्याकडं कारखान्यात. घरात मी आणि दारात जीप, एवढाच आता संसार. दुपारी शेजारची सुंदराबाई आमटी-भाकरीचा डबा देते. तिच्या शेळ्या आणि तिची जीभ, दोन्ही मोकाट असतात.

गाडीची टाकी मी भरून ठेवली होती. काटा कधीचाच बंद, म्हणून कापसाच्या पऱ्हाटीची काडी बुडवून डिझेल बघायची माझी जुनी सवय. एक दिवस बघतो तर काय! काडी अर्धीच ओली. गाडी जागची हललेली नाही आणि डिझेल गायब? काही दिवसांनी परत काडी घातली, तर आणखी खाली! गळती! दुसरं काय असणार?

आणि मी शहाणा, हे फोनवर मुलाला बोलून बसलो.

"अण्णा, गळकी गाडी दारात ठेवता? कुणी बिडी फेकली म्हंजे? मी सुट्टी काढून येतो आन तिला मोडीत घालतो."

त्या जीपमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर विमल बसायची. सीटचं रेक्झिन फाटलं तेव्हा तिनंच सुई-दोरा घेऊन ते शिवलं होतं. ती गाडी मोडीत? मी म्हटलं, "तू येऊ नको. गळती मी काढतो. जन्म गेलाय माझा डिझेलात!"

लगेच स्टँडामागच्या हमीद मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टाकीपासून पंपापर्यंत पाईप हातानं चाचपला, फिल्टर बघितला, नट आवळले. सगळं कोरडं ठणठणीत.

"अण्णा, कायबी न्हाई."

"नाही कसं? नीट बघ! काडी खोटं बोलती काय?"

हमीदनं गाडीखाली पुठ्ठा अंथरला. रात्रीतून डाग पडला तर जागा सापडेल म्हणून. सकाळी उठून बघतो, तर पुठ्ठ्यावर हे एवढं थारोळं! मी गल्लीभर ओरडत सुटलो. माणसं जमली. वर्षभरात माझ्या दारात इतकी माणसं आली नव्हती. मला तर चेवच चढला.

सर्दीनं माझं नाक चोंदलेलं. म्हणून मी जुन्या ड्रायव्हरच्या थाटात थारोळ्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"डिझेल!" मी जाहीर केलं. "जरा खारट झालंय, पण डिझेलच!"

तेवढ्यात जीपखालून सुंदराबाईची काळी शेळी अंग झाडत बाहेर आली.

"अगं बया," सुंदराबाई म्हणाली, "रातच्याला दावं तोडून ही हितंच निजली व्हती वाटतं!"

हसा, हसा. गल्ली तर पोट धरून हसली. मी तीनदा चूळ भरली. पण खरं सांगू? माणसं घरी परतायला लागली, तेव्हा मला वाटलं, अजून थोडा वेळ हसले असते तरी चाललं असतं.

हमीद मात्र जिद्दीला पेटला. "शेवटचा इलाज करू अण्णा. इंजन धुऊन कोरडं करायचं, वरून पावडर मारायची आन चालू करायचं. जितून डिझेल सुटंल, तितं पावडर वली होईल. घरात तोंडाची पावडर हाय का?"

होती. आरशाखालच्या फळीवर विमलचा डबा होता. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. झाकणावर धूळ बसली होती, ती धोतरानं पुसली आणि डबा आणून दिला.

हमीदनं पावडर भुरभुरली, मी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. जरा तापलं आणि चोंदलेल्या नाकालासुद्धा तो वास आला. विमल कुणाच्या लग्नाला निघाली की घरात दरवळायचा, तोच. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "हमीद, राहू दे चालू. जरा वेळ बघू."

आणि मी आपला ड्रायव्हर सीटवर बसून राहिलो. हमीद चहा पिऊन आला. सुंदराबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पावडर सगळीकडं पांढरीशुभ्र, एक ठिपका ओला नाही.

"बसले बगा रोजच्यावानी," सुंदराबाई म्हणाली.

हमीदनं कान टवकारले. "रोजच्यावानी? अण्णा, तुमी तर म्हनले गाडी वापरातच न्हाई!"

"चालवत नाही म्हटलं. नुसती चालू करतो. जराशी. बॅटरी उतरू नये म्हणून."

"जराशी?" सुंदराबाईनं कपाळावर हात मारला. "म्या शेळ्या चारून माघारी येते तरी घरघर चालूच असती! आन शेजारच्या सीटकडं बघून ह्यांच्या गप्पा!"

हमीदनं हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग सायलेन्सरकडं बघितलं.

"अण्णा, इंजन काय हवेवर चालतं का वो?"

आता बोला! मी, जन्मभराचा ड्रायव्हर! उभ्या गाडीलाही डिझेल लागतं, हे मला हमीदनं सांगावं? मला खरंच वाटायचं, मी जरासाच बसतो. विमलशी बोलताना वेळ कळत नाही, हे ती होती तेव्हाही व्हायचं.

संध्याकाळी मुलाचा फोन. "सापडली का गळती?"

"सापडली."

"कुठं व्हती?"

"ड्रायव्हरच्या सीटवर," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. शेळीसुद्धा. तो आधी खो खो हसला. मग "राहू द्या गाडी," एवढंच म्हणाला.

तर गाडी राहिली. आता मी इंजिन बंद ठेवून बसतो. एक थेंब डिझेल जात नाही! झालं, असं मला वाटलं. पण परवा सुंदराबाई कुंपणाशी कमरेवर हात ठेवून उभी.

"अण्णा, गाडी चालू करून बोलत जावा."

"कामून?"

"आधी घरघरीत कायबी ऐकू येत नव्हतं. आता सगळी गल्ली ऐकायलीय. काल वहिनीला काय सांगत व्हते? सुंदराच्या आमटीला चव न्हाई म्हून?"

त्या दुपारी डबा आला. आमटी इतकी तिखट, की दोन दिवस विमलशी बोलायलासुद्धा तोंड उघडेना.