ड्राइव्हमध्ये ती टेप नव्हतीच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. आमचं घर मूळचं कणकवलीकडचं, त्यामुळे कोण चकव्यात सापडलं, कोणाला विहिरीवर काय दिसलं, हे लहानपणापासून जेवताना लोणच्यासारखं वाढलं गेलंय. "फोटो आहे का?" एवढंच मी विचारायचे आणि समोरच्याचं तोंड बंद व्हायचं. आता माझ्याकडेही फोटो नाही... तेव्हा हसायचं तर हसा.

मी बोरिवली पश्चिमेच्या एका हॉस्पिटलमध्ये आयटी बघते. आमची खोली तळमजल्यावर, धुतलेल्या चादरी ठेवतात त्या खोलीच्या मागे. तिथे मी आणि सावंतकाका – जुन्या रेकॉर्डचे इन्चार्ज, रिटायरमेंटला आलेले, पक्के मालवणी. पेशंटचे जुने स्कॅन आमच्याकडे बॅकअप टेपवर आहेत. टेप म्हणजे एक चौकोनी डबी, आत एकच रीळ. पट्टीच्या टोकाला एक बारीक धातूची पिन असते. ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारं मशीन, ती पिन पकडतो आणि पट्टी आत ओढतो. पिन नाही तर टेप नाही. आणि एक असते क्लिनिंग कार्ट्रिज. दिसायला अगदी तशीच डबी, पण आत ड्राइव्हचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसायची नुसती पट्टी. तिच्यावर डेटा नसतो, असूच शकत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या दिवशी सकाळी वरून छातीच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. गोराईच्या हिराबाई म्हणून एक पेशंट होत्या, मासळी विकणाऱ्या. फुप्फुसात डाग दिसला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, फुप्फुसाचा तो भाग काढायचा. पण बाई म्हणत होत्या की काही वर्षांपूर्वी इथेच स्कॅन काढला होता. त्याची फिल्म नातवंडांनी ग्रहण बघायला नेली, ती गेलीच. मॅडम म्हणाल्या, "जुन्या स्कॅनमध्ये हाच डाग असाच असेल तर तो जुना व्रण आहे, छाती उघडायची गरज नाही. मला तो स्कॅन काढून दे, प्लीज."

मी रिस्टोअर लावला, म्हणजे टेपवरचा डेटा परत सर्व्हरवर काढायला घेतला. टेप आत गेली, ड्राइव्ह कण्हल्यासारखा आवाज करत राहिला आणि टेप बाहेर. नारिंगी लाइट. केबल बदलली, सर्व्हर रीस्टार्ट केला, क्लिनिंग कार्ट्रिज फिरवली, परत टेप घातली... आत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि पुन्हा टेप बाहेर. शेवटी टेप टेबलावर ठेवून ड्राइव्हचं कव्हर उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आत कुंकू, हळद, वाळलेली झेंडूची पाकळी आणि अक्षतांचे तांदूळ! काका दर दसऱ्याला सगळ्या मशीनची पूजा करतात, तीसुद्धा सढळ हाताने.

"काका, वाट लावलीत तुम्ही! हे मशीन आहे की तुळशीवृंदावन?"

"हळद-कुंकवान खयची मशीन बिघाडता गो?" काका म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा पडला होता.

मी ब्रशने सगळं एका कागदावर झटकून घेतलं, कव्हर लावलं, क्लिनिंग कार्ट्रिज आत सारली आणि वर गेले, कारण मॅडमचा परत फोन आला होता. वर कॉरिडॉरमध्ये हिराबाई बाकावर बसल्या होत्या, शेजारी त्यांची मुलगी. मला बघून म्हणाल्या, "माजा जुना फोटू गावला काय गो?" मी "बघतेय ना" म्हणून सटकले. त्यांच्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती माझी.

खाली आले तर ड्राइव्हवर हिरवा लाइट. स्क्रीनवर रिस्टोअर चालू, टक्के वाढत होते. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. मला वाटलं, चहाला जायच्या आधी यांनी टेप लावली. मी काही विचारलंच नाही, आनंदच तेवढा झाला होता. स्कॅन आला – नाव, वय, सगळं हिराबाईंचं. वर पाठवला. मॅडमनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून बघितले. तोच डाग, तिथेच, तेवढाच. ऑपरेशन रद्द! हिराबाईंची मुलगी काउंटरवर डोकं टेकून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मग टेप परत कपाटात ठेवावी म्हणून इजेक्टचं बटण दाबलं. बाहेर आली ती क्लिनिंग कार्ट्रिज.

"काका... टेप कुठाय?"

"मी खय लावलंय? माका वाटला तूच लावलंस."

टेप टेबलावर होती, काकांच्या डब्याच्या बाजूला, मी ठेवली होती तिथेच. उचलून बघितली तर तिच्या टोकाला पिन नव्हती. पिन होती त्या झटकलेल्या कागदावर, कुंकवात आणि तांदळात. म्हणजे रिस्टोअर सुरू व्हायच्या आधीच ती तुटली होती. ही टेप कोणीही आत घातली असती तरी ड्राइव्हला ती ओढता आलीच नसती. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, मात्र त्याच टेपचं नाव आणि खाली – पूर्ण. काका खुर्चीत बसले ते किती वेळ उठलेच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, डेटा सर्व्हरवर कुठेतरी आधीच पडला असेल. नव्हता. तो सर्व्हर नवा, त्या टेपवरचं काही त्याच्यावर कधी आलंच नव्हतं. आमच्या व्हेंडरने सगळं तपासलं आणि "मॅडम, तुमची काहीतरी गल्लत झाली असेल" म्हणून निघून गेला. हिराबाईंनी मला सुके बोंबील पाठवले. मीही मग गल्लतच झाली असं स्वतःला पटवत आणलं होतं.

काही महिन्यांनी काकांच्या बायकोच्या, काकींच्या फुप्फुसात डाग दिसला. त्याच मॅडम, तोच प्रश्न – जुना स्कॅन आहे का? होता. त्याच टेपवर.

टेप आम्ही डेटा काढणाऱ्या एका कंपनीकडे दिली. त्यांनी पिन बसवून बघितली, पण पट्टीचा सुरुवातीचा भागच फाटलेला होता, काही निघालं नाही. आत काहीतरी कठीण अडकून पट्टी खेचली गेली, असं ते म्हणाले. मी काकांसमोर तांदळाचा 'त'सुद्धा काढला नाही. पण त्यांना कळायचं ते कळलं.

मग एका दुपारी काकांनी स्वतः रिस्टोअर लावायला सांगितला. पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि क्लिनिंग कार्ट्रिज आत सारली. मी हसले नाही. ड्राइव्हने हेड पुसलं आणि कार्ट्रिज बाहेर. परत घातली, परत बाहेर. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत होतो. स्क्रीनवर एकच मेसेज – टेप लावा.

वाट बघण्यात धोका होता, म्हणून काकींचं ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्यात काहीच नव्हतं. जुना व्रण. काकी आता जिना चढताना दर मजल्यावर थांबतात.

यंदा दसऱ्याला काकांनी हार आणला नाही. म्हणून मीच आणला, स्टेशनबाहेरून. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, ड्राइव्हकडे नुसतं बघितलं आणि दाराला बांधून टाकला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तिचो फोटो गावलो. मगे हिचो कित्याक नाय गावलो गो?"

तुमच्यापैकी कोणाला याचं उत्तर माहीत असेल तर खरंच लिहा. मला नको, सावंतकाकांना सांगायचंय.