गुणाबाईच्या जिभेवरची बुरशी

आरमोरीजवळच्या एका राइस मिलमध्ये गुणाबाई बावीस वर्षांपासून तांदूळ पाखडते. कोंड्याच्या धुळीनं तिला दमा जडला. डॉक्टरांनी दिलेला पंप ती सकाळ-संध्याकाळ ओढायची, पण त्यावर चूळ भरायचा कंटाळा करायची.

दिवाळीनंतर तिच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला. तिखट लागलं की तोंड पेटायचं. सून उर्वशीनं ओल्या फडक्यानं थर पुसला, तर खालून लालभडक जीभ निघाली. दहा दिवस पेजेवर काढून गुणाबाई दवाखान्यात गेली.

तिथल्या प्रयोगशाळेत नाहीद काम करते. तिनं जिभेवरचा थर खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"मले बी दाखव ना, पोरी," गुणाबाई म्हणाली.

तिनं एक डोळा मिटून पाहिलं. लांबट गोल दाणे होते. काहींच्या टोकाला आणखी एक बारका दाणा फुटला होता.

"हे तं वाढून राह्यले!"

"बुरशी हाय बाई ते. थोडी सगळ्यांच्याच तोंडात असते. पंपाचं औषध तोंडात राह्यलं, म्हणून फावलं तिले."

"मरन का?"

"मरन. प्रत्येक दाण्याले पातळ पडदा असते. तो बनवायले त्याले एक खास चरबी लागते. डॉक्टर जिभेले लावायचं औषध देतीन, ते हे चरबी बनूच देत नाई. मंग पडदा गळका होते, आतलं बाहेर झिरपते, अन् दाणा मरते."

"अन् माही जीभ?"

"तुमच्या पेशींची चरबी वेगळी हाय. तिले काही होत नाई. पण चौदा दिवस लावा."

पाचव्या दिवशी जीभ स्वच्छ झाली. गुणाबाईनं बाटली फळीवर ठेवून दिली. आठवड्यात थर परत आला. ती ओशाळून नाहीदसमोर उभी राहिली.

"किती दिवस लावलं?"

"पाच."

नाहीद रागावली नाही. "बुरशीचे दाणे कमजोर झाले होते, मेले नव्हते सगळे. औषध थांबलं, परत वाढले."

या खेपेला चौदा दिवस पूर्ण झाले. थर आला नाही.

गुणाबाईनं मिल सोडली नाही, पंपही नाही. नाकावर पदर घट्ट बांधते. बरोबरीच्या कांतालाही आता पंप लागला आहे. पहिल्याच दिवशी गुणाबाईनं तिचा हात धरला, नळावर नेलं आणि तीनदा चूळ भरायला लावली.