ठकूबाईची हाळी

ठकूबाईचा आवाज टेकडीवरच्या देवीलासुद्धा ऐकू जातो, असं देवासातली माणसं म्हणायची. त्यात कौतुक थोडं आणि तक्रार जास्त. रोज सकाळी ऊन पायरीवर उतरलं की ही बाई लुगड्याचा काष्टा आवळून गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि हाळी घालायची, "चला गं पोरींनो, पाट्या घ्याऽऽ!" मग दारादारांतून तेल थापलेली, वेणी करकचून बांधलेली एकेक पोर बाहेर पडायची आणि तिच्यामागं रांगेला लागायची.

मुलींची शाळा ही चीजच तेव्हा नवी होती. पोर एकटी रस्त्यानं जाणार नाही, पुरुष माणूस सोडायला येणार नाही, म्हणून पोरींना घरून नेण्याआणण्यासाठी एक बाई ठेवलेली असे. ती ही. तिचा नवरा मानाजी पागेत होता. घोड्याची लाथ पोटात बसून गेला. पुढं पागा मोडली, घोडे गेले, आणि त्यांच्या हरभऱ्याच्या कोठारात शाळा भरू लागली. ज्या उंबऱ्यावर ती नवऱ्याची भाकरी घेऊन ताटकळायची, त्याच उंबऱ्यावर आता ती पोरी मोजायची. अक्षर एक कळत नव्हतं. पण बोटांच्या पेरांवर पोरींचा हिशेब पक्का.

देवास गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. ठकूबाईच्या गल्लीत तर हद्द रस्त्याच्या मधोमध. शाळेकडची घरं धाकटीची, समोरची थोरलीची. आपल्या दारातला केर लोटायचा तो समोरच्या राज्यात, ही दोन्हीकडची जुनी रीत. समोरची जानकीबाई शिंपीण खराट्यानं चिंध्या रेषेपलीकडं ढकलायची आणि म्हणायची, "घे गं ठकू, आमच्या सरकारकडून आहेर!"

"आमच्या सरकारला चिंध्या नकोत, खण पाठव म्हणावं," असं म्हणत ठकूबाई तो केर परत लोटायची. दोघींची सकाळ ह्याच हसण्यावर सुरू व्हायची. जानकीबाईची नात सुमी, सुमंगला, धाकटीच्या शाळेतच यायची. पोरींना हद्द नव्हती.

ठकूबाईचा जीव अडकला होता तो तिच्या नातीत, इंदूत. इंदूची आई बाळंतपणात गेली, बाप संताजी महूच्या छावणीत कामाला. आठव्या वर्षीच पोरीचं लग्न लोहारद्याच्या गोपाळरावांच्या मुलाशी लागलं होतं. गोपाळराव माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा चोख. तो म्हणाला होता, "विहीणबाई, शाळा चालू आहे तोवर पोर तुमची. शाळा मिटली की गाडी पाठवतो, मग रडारड नको."

ठकूबाई स्वतः नवव्या वर्षी धारेहून बैलगाडीत बसून देवासला आली होती, परत म्हणून गेली नाही. त्या गाडीच्या चाकाची करकर तिच्या कानांतून अजून गेली नव्हती. इंदूला आता नववं सरत होतं.

सन एकोणीसशे चारचा पौष. इंदूरला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, उठल्याच्या बातम्या येत होत्या. इकडं श्रीपाद मास्तरांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबून सांगितलं, "ठकूबाई, महिनाअखेर पाहणीला साहेब येताहेत. वीस मुली बसलेल्या दिसल्या नाहीत तर शाळा बंद. हुकूमच तसा आहे."

"दिसतील की. तेवीस आहेत."

"आज आहेत," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा झाडताना तिनं तरट उचललं, तर खाली उंदीर. पळाला नाही. कुशीवर पडलेला, पोट फुगलेलं, नाकाशी रक्ताचा एक थेंब सुकलेला. ठकूबाईच्या हातातला खराटा थांबला. दवंडी तिनं स्वतः ऐकली होती. उंदीर पडला की जमादाराला सांगायचं. मग घर खाली, कौलं उतरवायची, माणसं माळावरच्या झोपड्यांत. शाळा असेल तर आधी तिला कुलूप.

तिला कुलूप दिसलं, आणि कुलपामागं लोहारद्याची गाडी.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. उंदीर खापरावर घेतला, पदराखाली झाकला, रस्त्याची मधली रेष ओलांडली आणि जानकीबाईच्या भिंतीलगतच्या गटारात टाकून दिला. केर तर रोजच जायचा त्या बाजूला.

दुसऱ्या सकाळी शाळेच्या पायरीवर दोन उंदीर होते.

ते आपणहून तिथं आले नव्हते. खाली चिंधी अंथरलेली होती, शिंप्याच्या घरातली, निळ्या काठाची. ठकूबाईनं समोर पाहिलं. जानकीबाई दारात खराटा घेऊन उभी होती. त्या दिवशी कुणी कुणाला आहेर दिला नाही. दोघींनी आपापलं दार झाडलं, खाली मान घालून, आणि केर आपापल्याच दारात गोळा केला.

जमादार फत्तेसिंग फेरीला आला. काठीनं गटार उकरत म्हणाला, "क्यों ठकूमाय, काही पडलं का?"

"कायको पडेल भिया! पडो तुझ्या वैऱ्याच्या घरात."

"थोरलीवाले म्हणतात धाकटीत पडतात, आपलेवाले म्हणतात थोरलीत. मी कुणाचं नाव लिहू?" तो हसला. "पण बाई, तुमची रांग निघते ना रोज, तोवर मला फिकर नाही. सारा मोहल्ला तुमच्या हाळीवर बसलाय. ठकूमाय निघाली म्हणजे सब ठीक."

हे त्यानं सहज म्हटलं. पण त्या दिवसापासून ठकूबाई हाळी घालायची तेव्हा तिला जाणवायचं, की खिडक्यांतून बाया कान देऊन आहेत. हाळी ऐकली की आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. बांधून ठेवलेली बोचकी सुटायची. उंदीर आता रोज पडत होते, आणि ती पोरी यायच्या आत उचलून रेषेपलीकडं नेत होती.

पाहणीला पाच दिवस उरले असताना गाडी आली. ठकूबाईनं करकर ओळखली. गोपाळराव उतरले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"विहीणबाई, शाळेचं राहू द्या. इंदूरला माणसं पटापट चाललीत. पोरीला घेऊन जातो, साथ ओसरली की आणून सोडतो. माझा शब्द."

इंदू दाराआडून ऐकत होती. ठकूबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. एकदा गेलेली पोर कोण आणून सोडतं?

"इथं काही नाही हो व्याही. एक उंदीर पडला नाही आमच्या पातीत."

"खरं?"

"देवीच्या टेकडीकडं तोंड करून सांगते. विचारा वाटल्यास जमादाराला. आणि शाळा चालू ठेवली असती का सरकारनं?"

नेमकी तेव्हा पोरींची निघायची वेळ झाली होती. ठकूबाई बाहेर गेली आणि हाळी घातली. एकवीस पोरी रांगेत निघाल्या. गोपाळराव ओट्यावरून बघत राहिले. हसऱ्या, पाट्या हलवणाऱ्या पोरी पाहून त्यांच्या कपाळाची आठी सुटली. इंदूच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाले, "शीक बाई, शीक." गाडी रिकामी परत गेली. तिची करकर लांब गेलेली ऐकून ठकूबाईला एवढं हायसं वाटलं, की तिनं त्या दिवशी देवीला नारळ फोडला. नारळ आत काळा निघाला. तिनं तो कुणाला दाखवला नाही.

पाहणीच्या दिवशी पोरी भरल्या एकोणीस. एका घराला कडी, आणि सुमीला ताप. ठकूबाईनं तीनदा पेरं मोजली. मग रेष ओलांडून ती जानकीबाईच्या दारात गेली.

"जानके, घटकाभर दे. नुसती बसू दे. मी उचलून नेते, उचलून आणते."

सुमी गोधडीत पडली होती. डोळे लालभडक. जानकीबाईनं नातीकडं पाहिलं, मग बाहेर गल्लीकडं. पलीकडच्या दोन खिडक्यांत माणसं उभी होती.

"ने," ती म्हणाली. "शाळेत गेली म्हटल्यावर लोक तरी म्हणतील, ताप साधाच आहे."

दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं नाही. ठकूबाईनं सुमीला कडेवर घेतलं. पोरीचं अंग निखाऱ्यासारखं, आणि डावा हात ती अंगाला लावू देत नव्हती. ठकूबाईला ते कळलं. कळलं आणि ती चालत राहिली.

सुमीला तिनं इंदूशेजारी बसवलं, कारण इंदू समजूतदार. इंदूनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. साहेबांनी मुली मोजल्या, वीस भरल्या. मास्तरांनी इंदूला उभं न करता बसल्या जागीच धडा वाचायला लावला. तिनं खडाखडा वाचला, सुमीचं डोकं हलू न देता.

"ही झोपली की काय?" साहेबांनी विचारलं.

"लहान आहे, साहेब," मास्तर म्हणाले आणि तपकिरीची डबी उघडून पुन्हा मिटली.

शेरा मिळाला: शाळा चालू ठेवावी.

तिसऱ्या दिवशी पहाटे सुमी गेली. जानकीबाई रडली नाही. उजाडल्यावर रेषेपर्यंत आली, अलीकडं आली नाही.

"गाठ होती, ठकू. काखेत. मी पाहणीच्या आदल्या दिवशीच बघितली होती. बोलले असते तर घर उपसलं असतं माझं."

ठकूबाई घरात वळली. इंदू आरशापुढं बसून वेणी घालत होती. एकाच हातानं. दुसरा हात तिनं अंगापासून लांब धरला होता, भांड्याच्या कानासारखा.

"आजी, हात खाली होत नाही गं."

ठकूबाईनं तिच्या काखेला बोट लावलं. इंदू किंचाळली.

ती धावत सुटली ती चावडीवर. फत्तेसिंग चिलीम भरत होता. "उंदीर पडलेत, भिया. वीस दिवस झाले. मी उचलले, माझ्या हातांनी. गाव खाली कर. लोहारद्याला निरोप धाड."

फत्तेसिंगनं तिच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "ठकूमाय, बरं वाटत नाही का? परवाच शाळेला शेरा मिळाला. शाळा चालू आहे, आणि उंदीर कुठले?"

ती परत गल्लीत आली. ऊन पायरीवर उतरलं होतं. मधल्या रेषेवर उभी राहून तिनं जन्मात ओरडली नव्हती तेवढ्या जोरानं आवाज काढला, "निघाऽऽ! घरं सोडाऽऽ! पोरींना घेऊन निघाऽऽ!"

वरच्या खिडकीत कुणी भांडं ठेवलं. कुणीतरी आतून म्हणालं, "आली बघ ठकूबाई, आटप लवकर." मग दारं उघडली. एक, दोन, पाच, तेल थापलेल्या, वेण्या आवळलेल्या पोरी पाट्या घेऊन बाहेर आल्या आणि रोजच्यासारख्या तिच्यामागं रांगेत उभ्या राहिल्या.