पप्पांपासून फुलपाखरू

चिखलीतल्या एका शाळेत दुसरीच्या मुलांचा ठाम समज आहे, की फुलपाखरू पप्पांपासून तयार होतं. हा समज मी करून दिलेला आहे.

मी शिक्षक नाही. शिक्षिका माझी बायको, वैशाली. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. (स्वतःच्या चुका त्यात येत नाहीत.) वैशाली तीन वर्षं त्या शाळेत तात्पुरती होती. दर जूनला नवा कागद, नवी सही आणि वर्षभर पुढच्या जूनची काळजी. यंदा एक जागा कायम भरायची होती आणि त्यासाठी तिला नमुना पाठ द्यायचा होता, संस्थेचे अध्यक्ष आणि पालक यांच्यासमोर. विषय होता प्राण्यांचं जीवनचक्र.

वैशालीने सगळं पुठ्ठ्यावर तयार केलं होतं. साबुदाण्याची अंडी, हिरव्या लोकरीची अळी, सुतळी गुंडाळलेला कोष आणि जुन्या साडीच्या काठाचं फुलपाखरू. मुख्याध्यापिका म्हणाल्या, छान आहे, पण पाठ डिजिटल हवा. पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. ती रडवेली होऊन घरी आली आणि मी छाती पुढे काढली.

"त्यात काय एवढं? मी करतो की. आमच्या कंपनीत सगळं ऑनलाइनच असतं."

कंपनीत मी ऑनलाइन करतो ते फक्त रजेचे अर्ज, हे तिला माहीत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार! आणि ती काडी त्या आठवड्यात थर्ड शिफ्टला होती.

इंटरनेटवर मला एक फुकटचा खेळ सापडला. चित्रं ओढून गोलात क्रमाने टाकायची. बरोबर पडली की टाळ्या वाजतात, आणि आपण लिहून दिलेली वाक्यं एक न दिसणारी बाई खणखणीत आवाजात वाचून दाखवते. वाक्यं वैशालीने मला वहीत लिहून दिली होती. त्यात 'कोष' असा साधा, सरळ शब्द होता. पण मला वाटलं, डिजिटल पाठात कोष काय म्हणून? खेळाच्या माहितीत इंग्रजीत 'प्यूपा' म्हटलं होतं, ते कसं भारदस्त वाटत होतं. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये, एक डोळा मिटलेला आणि दुसरा मिटत असताना, मी मोबाईलवर तो शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला. माझा मोबाईल इंग्रजी अक्षरांचं मराठी आपोआप करतो. मुलगी झाल्यापासून त्या मोबाईलवर मी त्याच्या जवळपास जाणारा एकच शब्द लिहीत आलोय. मोबाईलने मोठ्या मायेने माझी चूक सुधारली. चार ठिकाणी.

घरी पोचल्यावर वैशालीने विचारलं, नीट तपासलंत ना? मी म्हणालो, क्वालिटीच्या माणसाला हे विचारतेस? तरीही तिने एकदा चित्रं ओढून पाहिली. पण रविवार होता आणि सई झोपली होती, म्हणून आवाज बंद ठेवून. (सई म्हणजे आमची मुलगी. ती आईच्याच वर्गात आहे आणि शाळेत आईला 'बाई' म्हणायचं अशी तिला सक्त ताकीद आहे.)

पाठाच्या दिवशी मी शिफ्टवरून थेट शाळेत गेलो. लॅपटॉप जोडून दिला आणि शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची धरली. थंडीचे दिवस होते. बसमध्ये पांघरायची माझी राखाडी शाल जवळच होती. ती मी डोक्यावरून घेतली आणि पायांपर्यंत गुंडाळली. पुढे मुलं सतरंजीवर, त्यांच्या मागे आया, आणि बाजूच्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष अण्णा, जुन्या गावातले, पांढऱ्या टोपीतले.

सुरुवात झकास झाली. अंडी गोलात पडली, टाळ्या वाजल्या. अळी पडली, टाळ्या वाजल्या. मग ती न दिसणारी बाई म्हणाली, "आता अळीचा पप्पा होतो. पप्पा स्वतःला गुंडाळून घेतो. तो हलत नाही, बोलत नाही, काही खात नाही. पप्पाला कुणी हात लावू नये."

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून, डोळे न उघडता, मी म्हणालो, "पाच मिनिटं झोपू दे गं."

हे मला आठवत नाही. पण साक्षीदार पुष्कळ आहेत.

आया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एका मुलीने उठून सांगितलं, बाई, माझे पप्पा थर्ड शिफ्टला असले की अगदी असंच करतात. दुसरा म्हणाला, आमचे रविवारी करतात, पण आधी खातात. मग सई उभी राहिली आणि सक्त ताकीद विसरून म्हणाली, "आई, आपले पप्पा बघ ना. ते तर झालेपण."

सगळा वर्ग मागे धावला. मला जाग आली तेव्हा माझ्याभोवती मुलांचं कडं होतं. एकाने मला बोटाने टोचून पाहिलं, तर दुसऱ्याने त्याच्या हातावर चापट मारली. "हात लावायचा नाही, सांगितलंय ना!"

कड्यापलीकडे मला वैशाली दिसली. ती चिडलेली नव्हती, पांढरीफटक पडली होती. तिची तीन वर्षं माझ्या एका शब्दाने पाण्यात घातली होती. मला माझी इतकी लाज वाटली, की शालीतून तोंड बाहेर काढायचा धीर होईना.

तिने एक खोल श्वास घेतला आणि ती सरळ माझ्याकडे चालत आली. हळूच म्हणाली, "हलू नका." मग मुलांकडे वळली.

"खेळातली बाई जे पप्पा म्हणाली, त्याचं खरं नाव कोष. बघा, बाहेरून झोपल्यासारखा दिसतो. आत काय चाललेलं असतं?"

"घोरणं," मुलं म्हणाली.

"नाही. आत पंख तयार होत असतात."

पुढची वीस मिनिटं मी शाळेचं शैक्षणिक साहित्य होतो. मुलांनी कोषाला चारही बाजूंनी पाहिलं, प्रश्न विचारले, कोषाच्या नाकाला खाज आली तरी त्याने ती सोसली. शेवटी वैशाली म्हणाली, आता फुलपाखरू बाहेर येणार. मी जीव ओतून उठलो, शालीचे पंख पसरले, झेप घेतली आणि लॅपटॉपच्या वायरीत पाय अडकून सतरंजीवर आडवा झालो. पडदा काळा झाला. डिजिटल पाठ तिथेच संपला.

मुलांनी खऱ्या टाळ्या वाजवल्या. अण्णा टोपी सारखी करत उठले.

"बाई, पोरं ह्यो धडा जल्मात न्हाई इसरायची," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पर ह्यांना घरी न्या आता. ह्यांचं फुलपाकरू व्हईल असं काय वाटत न्हाई."

परीक्षेत तिसऱ्या अवस्थेचं नाव बहुतेकांनी 'पप्पा' असंच लिहिलं. काहींनी चित्रात चपलाही काढल्या. वैशालीने अर्धे गुण दिले.

महिन्याभराने तिला कायम केल्याचं पत्र आलं. मी थर्ड शिफ्ट करून पांघरुणात होतो. ती पलंगावर माझ्या पायाशी बसली, पत्र दोनदा वाचलं आणि रडली. तिला तसं रडताना बघून मलाही भरून आलं. सईने विचारलं, आई, कायम म्हणजे काय?

"म्हणजे आता दरवर्षी बदल नाही," वैशाली डोळे पुसत म्हणाली. "जे आहे ते शेवटपर्यंत तसंच राहणार."

सईने माझं पांघरूण एका बोटाने जरासं उचलून पाहिलं.

"म्हणजे पप्पापण कायम झाले?"