गिफ्ट

आमच्या मानकोलीच्या गोदामात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. खारबावची, जर्मन शिकलेली. एखाद्या शब्दाचं मूळ सापडलं की चष्मा कपाळावर ढकलून ती आधी स्वतःशीच हसायची. डिस्पॅचचा प्रशांत त्या हसण्याकडे बघत राहायचा आणि माझा जळफळाट व्हायचा. तो मला आवडायचा, पण बोलायचं धाडस कधी झालं नव्हतं.

एकदा जर्मनीहून आलेल्या डब्यावर ‘गिफ्ट’ वाचून तो खूश झाला.

“हात नको लावू, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष!” ती म्हणाली. “मूळ एकच, देणं. इंग्रजीत भेट दिली. जर्मनमध्ये औषधाचा डोस दिला, त्याचं विष झालं. स्वीडनमध्ये मुलगी दिली, म्हणून तिथं गिफ्ट म्हणजे लग्न झालेलं.”

“मग तू गिफ्ट हायस का?” प्रशांतनं विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं.

“माझं राहू दे. हिला विचार.”

“हिला काय विचारायचं? तू सांग ना!”

“मला काम हाय,” म्हणत ती उठून आत निघून गेली. प्रशांतही तिच्या मागोमाग गेला.

मला जे मिळत नव्हतं, ते ती इतक्या सहज सोडू शकत होती, याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.