नाल्यापलीकडची तीन घरे

डेटाबेसचे काम मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी महाविद्यालयात संस्कृत शिकवत असे. तो विभाग बंद झाला, तेव्हा एक अभ्यासक्रम करून चंद्रपूरच्या एका आरोग्य कार्यालयात लागले; शेजारच्या गडचिरोलीचे कामही तिथूनच चाले. सहकारी माझ्या निम्म्या वयाचे होते. त्यांना काही विचारणे मी शक्यतो टाळत असे.

सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांची यादी दर सोमवारी माझ्या प्रोग्रॅममधून निघे आणि ती घेऊन नर्सबाई गावोगाव जात. एका सोमवारी यादी मध्येच अडली. पडद्यावरच्या संदेशाचा अर्थ एवढाच होता की मजकूर मोठा आहे आणि तो ठेवायची प्रोग्रॅममधली जागा, म्हणजे व्हेरिएबल, लहान. डेटाबेसच्या तक्त्यात पत्त्यासाठी दोनशे अक्षरांची जागा होती. माझ्या व्हेरिएबलमध्ये दोनशे बाइटची. चाचणी मी इंग्रजी अक्षरांतल्या पत्त्यांवर केली होती. तिथे अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत तीन लागतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचा धीर झाला नाही. मावेल तेवढाच मजकूर घ्यावा, अशी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली. यादी निघाली. मला समाधानही वाटले.

आमच्याकडच्या पत्त्याला घरक्रमांक नसतो. आधी तालुका, मग गाव, टोला म्हणजे गावाची वस्ती, आणि सर्वांत शेवटी घरापर्यंतची वाट. माझी ओळ नेमकी वाट तोडत होती.

गडचिरोलीतल्या एका गावची सात महिन्यांची गरोदर बाई त्या यादीत होती. तिला तातडीने रुग्णालयात हलवायचे होते. नव्याने बदलून आलेल्या नर्सबाई त्या गावी दोनदा जाऊन आल्या. बरीच माणसे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या गोंडीच बोलत, आणि ती नर्सबाईंना येत नव्हती. ही गरोदर बाईही मिरचीला गेली असेल असे समजून त्यांनी शेरा लिहिला, ‘स्थलांतरित’. यादी निघाल्यापासून अकराव्या दिवशी नवरा आणि दीर तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत घेऊन आले. रुग्णालय येण्यापूर्वीच ती गेली; पोटातले मूलही.

चौकशीसाठी नर्सबाईंना कार्यालयात बोलावले. खोटा शेरा लिहिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. घड्या पडलेली यादी त्यांनी माझ्या टेबलावर पसरली.

“मॅडम, पत्ता इथीच संपते. पल्याड घरं हायेत, हे मले कोणी सांगतलंच नाई.”

मी मूळ नोंद उघडली. तिच्या शेवटी होते : नाला ओलांडून, मोहाच्या झाडांमागे, तीन घरे.

त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले. “हे लिवलेलं होतं?”

“होतं,” मी म्हणाले. “मी तोडलं.”

त्यांनी यादीची पुन्हा तशीच घडी घातली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेल्या.

तेच मी साहेबांना लेखी दिले. मग ती ओळ पुसून यादी चालवली. त्रुटी परत आली. व्हेरिएबलचे माप तक्त्यातल्या रकान्याइतके, दोनशे अक्षरांचे केले, तेव्हा यादी अखेरपर्यंत निघाली. त्या गेलेल्या बाईचे नाव यादीतून अजून कोणी काढले नव्हते. त्यापुढे आता नाला होता, झाडे होती, तिन्ही घरे होती.